सकाळी न घ्यायचं नाव

माझ्या आईला सासरी सकाळी कोणी हाक मारत नसे. कोणी तिच्यावर रुसलेलं असे असं नाही. तिला हाक मारायला जे नाव होतं, ते सकाळी काही खाण्याआधी तोंडातून काढायचं नाही असा नियम होता, आणि दुसरं नाव तिला त्या घरात नव्हतं.

नागपूरच्या आसपासच्या खेड्यांत सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारतात. काटोलची असेल तर काटोलवाली, उमरेडची असेल तर उमरेडवाली. आईबापांनी ठेवलेलं नाव लग्नपत्रिकेत येतं, नंतर मतदार यादीत येतं, मधल्या काळात त्याचं काही काम पडत नाही. आई रिठीवाली होती. तिच्या माहेरचं पूर्ण नाव हिवरखापा रिठी. पारशिवनीच्या पुढे, जंगल सुरू व्हायच्या अलीकडे. हिवर हे झाड, ते अजून शिवारात उभं आहे. खापा म्हणजे काय ते मला कोणी धड सांगू शकलं नाही, आणि त्या भागात या नावाची गावं इतकी आहेत की विचारायचाही कंटाळा येतो. रिठी म्हणजे उठून गेलेलं गाव. जमीन आहे, शीव आहे, पण वस्ती नाही, अशा गावाच्या नावापुढे सरकारी दप्तरात रिठी लिहितात.

हिवरखाप्यात आज माणसं राहतात. अंगणवाडी आहे, दोन किराणा दुकानं आहेत, मोबाइलचा टॉवर आहे. नावापुढची रिठी मात्र तशीच आहे. पंचक्रोशीतला समज असा की हे नाव उपाशीपोटी घेतलं तर दिवसभर अन्न मिळत नाही. म्हणून सकाळी लोक 'वरचं गाव' म्हणतात, नाहीतर नुसता हात करतात. आमच्या लोकांनी दीक्षा घेतली तेव्हा देव नदीत सोडले, उपास सोडले, गळ्यातले दोरे तोडले. ही एक गोष्ट सोडायची राहून गेली. तिचा कोणत्या देवाशी संबंध नव्हता, म्हणून कदाचित कोणाच्या लक्षात आली नसावी.

आमच्या घरात तीन सुना होत्या. त्यामुळे 'काहून वं, कुठी आहेस?' असं नुसतं ओरडून भागत नसे. तिघींपैकी कोणाला म्हटलं ते कळायचं नाही. बाकी दोघींना त्यांच्या गावानं हाक जायची. आईचं काम पडलं तर आजी पितळी लोटा ओट्यावर आपटायची, नाहीतर मला पाठवायची. "जाय, तुह्या मायले सांग, पाणी आटलं म्हणा." मी जायची. मला ते अपमानाचं वाटायचं. शाळेत हजेरी घेतात तेव्हा एका मुलीचं नाव रोज गाळावं तसं.

आता मी पन्नाशी ओलांडलेली बाई आहे. प्रताप नगरात राहते, एका कार्यालयात नोकरी करते, घरी आल्यावर दुसरी नोकरी असते. आई गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. तिचे गुडघे गेले आहेत, कान शाबूत आहेत. आजी गेली, दोन्ही काकू गेल्या, रिठीवाली म्हणणारं कोणी उरलं नाही. मी हा विषय संपला असं धरून चालले होते.

गेल्या हिवाळ्यात मामेभावाच्या मुलीचं लग्न ठरलं. मामेभाऊ हिवरखाप्यातच असतो, शेती करतो आणि पारशिवनीला मोटारपंप दुरुस्त करतो. त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, एम.एस्सी. झालेली. पारशिवनीच्या कॉलेजात शिकवते. मुलगा मौद्याकडचा, चांगल्या नोकरीत, घर मात्र गावातलं आणि एकत्र. बस्त्याला भाची, तिची आई आणि मी गांधीबागेत गेलो. लवकर गेलं की गर्दी नसते म्हणून दुकान उघडता उघडता पोचलो. दुकानदार आहेराच्या साड्यांचा गठ्ठा सोडत म्हणाला, "कौनसे गाव की शादी है, ताई?"

"पारशिवनी," भाची म्हणाली.

तिच्या आईनं तिच्याकडे पाहिलं, पण साड्या समोर होत्या, म्हणून काही बोलली नाही. जिना उतरताना मी विचारलं, "पारशिवनी काहून सांगितलं?"

"मंग काय सांगू? त्याची बोहणी व्हायची होती."

विनोद तिनंच केला, हसली मात्र नाही. खाली उसाच्या रसाच्या गाडीपाशी थांबलो तेव्हा तिनं एका दमात सांगितलं. "आत्या, त्यांच्या घरी दोन सुना आहेत. सावनेरवाली अन् कुहीवाली. दोघीही शिकलेल्या. तो म्हणते, मी तुले नावानंच हाक मारीन. तो मारीन, पण त्याची माय? मी कॉलेजात पोरायले शिकवते, अन् तिथं जाऊन रिठीवाली होऊ? सकाळी घरातल्या मांजराले नाव राहीन, मले नाही राहणार. आजीसारखं."

आजी म्हणजे माझी आई. तिची ही गोष्ट भाचीला मीच सांगितली होती, ती लहान असताना, कधीतरी सुट्टीत. माझ्या मते ती अन्यायाची गोष्ट होती आणि मी ती तशीच सांगितली होती.

भाची नुसती रडणारी नव्हती. तिनं ग्रामसभेच्या विषयांत गावाच्या नावातून रिठी काढण्याचा ठराव घालून घेतला होता. सभा लग्नाच्या आधी होती. मी तिला म्हटलं, ठराव झाला तरी कागद जिल्ह्याला जाणार, तिथून मुंबईला जाणार, तोवर तुझी मुलं शाळेत जातील.

"कागद केव्हाही येऊ दे," ती म्हणाली. "ठराव झाला की मी त्यांच्या घरी सांगू शकते, आमचं गाव आता नुसतं हिवरखापा आहे. मले तेवढंच पाहिजे."

ते मला पटलं. मागणी लहान होती आणि तिला तारीख होती.

त्यानंतर ग्रामसेवकाचा फोन आला. तो वर्ध्याकडचा तरुण माणूस, नुकताच बदलून आलेला. "मॅडम, ठरावाले गावाच्या नावाचा इतिहास जोडावा लागते. एक पान पुरे. तुम्ही ऑफिसात आहात म्हणे, तुम्हीच लिहून द्या न." कोणत्याही घराण्यात नोकरी करणारी एक बाई असली की सगळे कागद तिच्याकडे येतात. मला याचा कंटाळा आहे. पण नाही म्हणायला जास्त वेळ लागतो, म्हणून मी हो म्हटलं आणि दोन-तीन रविवार घालवले.

बसनं पारशिवनीपर्यंत, पुढे मामेभावाच्या मोटारसायकलवर मागे. रस्त्याचं काम चालू होतं, ते मी पाहते आहे तेव्हापासून चालू आहे. डोक्यावर ओढणी, तोंडाला रुमाल, तरी घरी आल्यावर केसांतून खडी निघायची.

गावात सगळ्यात आधी निवृत्त गुरुजींनी पकडलं. त्यांच्या मते हिवरखापा ही प्राचीन नगरी होती आणि तिथे मोठं मंदिर होतं. पुरावा म्हणून त्यांनी ओढ्याकाठचा एक कोरीव दगड दाखवायला नेलं. त्यावर एक बाई धुणं आपटत होती. ती उठेना, आम्ही उभे राहिलो. गुरुजी म्हणाले, "अवं, इतिहास पाहाले आल्या त्या." ती म्हणाली, "पाहा न. माही एवढी गोधडी होऊ द्या." गोधडी झाल्यावर मी दगड पाहिला. मला तो फुटक्या उखळाचा तुकडा वाटला. मी काही बोलले नाही, कारण गुरुजींनी चहा सांगितला होता आणि मला बसायचं होतं.

सरपंचबाई म्हणाल्या, मरी आली, माणसं पटापट गेली, उरली ती पळाली. त्यांच्या दिरानं वाघाचं सांगितलं. वाघ सगळ्यांनाच आवडतो. सफारीच्या गाड्या त्या रस्त्यानं जायला लागल्यापासून वाघाची गोष्ट बरीच वाढली आहे. त्यानं सांगितली तेव्हा वाघ दारं उघडून आत येत होता. गोंडाच्या घरचा एक म्हातारा बाजेवर पडूनच म्हणाला, "पाणी आटलं. माणूस पाण्यामागं जाते. त्याचा काय इतिहास लिहिता, बाई?"

गाव उठलं होतं आणि पुढे काही घरं परत आली, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत होतं. परत आलेलं पहिलं घर कोणाचं, म्हटलं की प्रत्येकाचं बोट आपल्या उंबऱ्याकडे वळायचं. मरी, वाघ, पाणी बाजूला राहायचं आणि गावात पहिली चूल कोणी पेटवली यावर भांडण जुंपायचं. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं. एका पानात तेवढी जागा नव्हती.

शेवटी मी आईला विचारलं. आधीच विचारायला हवं होतं, पण घरातल्या माणसाला विचारायचं सुचत नाही. दुपारची वेळ, ती बाल्कनीत खुर्चीवर बसून मेथी निवडत होती.

"मरी आली होती, ते खरं असन," ती म्हणाली. "लोक गेले. मंग आमचे लोक वापस आले. त्यायले दुसरीकडं कोण ठेवून घेते? पण आले तं गुपचूप राहिले. कागदावर गाव रिठी होतं, ते त्यायनं रिठीच राहू देलं."

"कशासाठी?"

"वेठीसाठी. जंगलात साहेबाचा तळ पडे. मालगुजाराचा माणूस सकाळीच निघे गावोगाव. याले ओझं उचलाले ने, त्याले लाकडं फोडाले ने, बायायले सारवाले ने. पैसा नाही, भाकर नाही. आमच्या लोकायलेच धरे, दुसऱ्याले हात लावाची हिंमत नाही. रिठीत कोण येते? तिथं माणूसच नाही म्हणत. म्हणून पोरायले शिकवलं, सकाळी रस्त्यानं कोणी इचारलं, कोणत्या गावचे रे, तं नाव सांगाचं नाही. दुपार झाली, तो माणूस गेला, मंग सांगा."

"आणि उपाशी राहतो ते?"

"नाव सांगितलं, धरून नेलं, मंग दिवसभर उपाशी नाही राहीन तं काय?"

तिनं एक पिवळं पान बाजूला टाकलं. हे तिला तिच्या आजीनं सांगितलेलं. आजीला कोणी सांगितलं ते माहीत नाही. मला एक शंका आली, ती मी बोलून दाखवली: चुली पेटल्या तर धूर निघणार, मालगुजाराच्या माणसाला तो दिसला नसेल का?

"दिसला असन," आई म्हणाली. "त्याले तेवढ्या दूर चालत याचं नसन."

हे मात्र मला लगेच पटलं. इतकी वर्षं नोकरी केल्यावर कळतं की पुष्कळ माणसं केवळ समोरच्याच्या कंटाळ्यामुळे वाचतात. खरंखोटं मी सांगू शकत नाही, पण वाघापेक्षा हे बरं होतं. शेजारच्या गावांच्या कानावर नियम पडला असणार, कारण पडलं नसणार. मग त्यांनी आपल्या मनानं कारण लावलं, आणि गावातल्या लोकांनीही पुढे तेच धरलं. पानावर मी मरी, पाणी आणि आईची हकीकत घातली. आईच्या हकिकतीआधी 'अशीही एक आठवण सांगितली जाते' असं लिहिलं. कार्यालयात राहून ही सवय लागते.

सभेच्या आदल्या आठवड्यात भाची प्रताप नगरला आली. आईच्या पायाशी बसली, गुडघ्याला तेल लावून दिलं आणि मग मुद्द्यावर आली. "आजी, तुम्ही सभेत उभं राहून सांगा. किती त्रास झाला तुमाले."

"कशाचा वं?"

"सकाळी कोणी हाक नाही मारे त्याचा."

आईनं खरंच विचार केला. भाचीला वाईट वाटू नये म्हणून ती काहीतरी शोधत होती, असं मला दिसलं.

"त्याचा तं त्रास नाही झाला, बाप्पा," ती म्हणाली. "घरात आम्ही तिघी. सासूनं डोळे उघडले की सुरू. काटोलवाली, पाणी तापव. उमरेडवाली, शेण काढ. माहं नाव तिले घ्याचं नाही. मी गोठ्यामागं जाऊन बसाची, गुळाचा चहा घेऊन. सासूनं शिळी भाकर खाल्ली की मंग रिठीवाली हे कर, रिठीवाली ते कर, झोपेपर्यंत. पण तेवढी सकाळ माही होती."

"लोटा आपटायची न आजी?" मी विचारलं.

"आपटे. लोट्याले ओ देत नसते."

"आणि मला पाठवायची ते?"

"तू यायची तं तुलेच मांडीवर घेऊन बसाची. तुले आठवत नाही?"

मला आठवत नव्हतं. मला निरोप घेऊन जाणं आठवत होतं, पुढचं नाही. एवढी वर्षं मी मनातल्या मनात आईची बाजू घेऊन आजीशी भांडत आले होते, आणि आई गोठ्यामागे चहा पीत होती. काकू दोघीही तिच्याशी तुटक का वागायच्या, हे मात्र त्या दिवशी कळलं.

भाची उठून उभी राहिली. तेलाचा हात तसाच हवेत धरून म्हणाली, "आजी, हे सभेत सांगू नका."

सभेला आम्ही गाडीनं गेलो. नवऱ्यानं सोडलं, दुपारी न्यायला येतो म्हणून तो परत गेला. समाजमंदिरासमोर सतरंज्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, माईक. आईसाठी मामेभावानं घरून उशी आणली होती. लोक येईपर्यंत ऊन चढलं, पण सकाळच होती. ग्रामसेवकानं माईक हातात घेतला. "विषय पहिला. मौजा..."

"थांबा, साहेब!" सरपंचबाईंनी हात आडवा केला. "लोकायनं खाल्लं नाही अजून."

"मॅडम, नाश्ता मीटिंगनंतर आहे."

"नंतर नाही. आधी द्या."

त्याला कळेना. मामेभावानं कानात सांगितलं. तो हसला, मग सगळीकडे पाहिलं, कोणी हसत नव्हतं. सतरंजीवरची म्हातारी माणसं तोंडावर हात ठेवून बसली होती, जणू नाव आपोआप बाहेर पडेल. तर्री-पोह्याचं पातेलं समाजमंदिरातून बाहेर आलं. द्रोण फिरले. एक बाई म्हणाली, "माहा उपास आहे. मी बोलत नाही, नुसती ऐकते." मागून कोणीतरी म्हणालं, "ऐकाले काही नाही होत, ऐकू द्या तिले." दुसरा म्हणाला, "ज्या गावाचं नाव घ्याले तर्री लागते, त्याचं नाव बदलूनच टाका गा." ग्रामसेवक मी वर्ध्याचा, मला लागू नाही म्हणाला, पण द्रोण त्यानंही घेतला.

खाऊन झाल्यावर नाव माईकवरून मोठ्यानं वाचलं गेलं. रिठी काढायला कोणाची हरकत आहे का? कोणाची नव्हती. हात वर झाले. भाचीनं माझा हात धरला. मला वाटलं, झालं, आता घरी जायला हरकत नाही.

तेवढ्यात गुरुजी उठले. "काढाले हरकत नाही. पण नुसतं काढून कसं चालेल? काही लावलं पाहिजे न. प्राचीन नगरी आहे."

मग लावायचं काय यावर सुरू झालं. एका बाजूला देवाचं नाव हवं होतं. आमच्या वस्तीला एका थोर माणसाचं हवं होतं. सरपंचबाईंच्या दिरानं वाघाचं सुचवलं, म्हणजे सफारीवाले थांबतील. पुर लावा, नगर लावा, धाम लावा. पहिली चूल पुन्हा निघाली. ज्यांनी एकाच पातेल्यातले पोहे खाल्ले होते ते एकमेकांचे आजे-पणजे काढायला लागले. माईक शिट्टी मारत होता. आमची वस्तीही मागे नव्हती, हे लिहिलं पाहिजे.

सरपंचबाईंना काय सुचलं कोण जाणे, त्या आईकडे वळल्या. "आत्याबाई, तुम्ही गावच्या सगळ्यात मोठ्या लेक. तुम्ही सांगा."

आईनं माईक तोंडापासून फार लांब धरला. "मले कोणी इचारलं नव्हतं, तुले कोणत्या नावानं हाक मारू म्हणून. तुमी काहीही ठेवा. पण हिचं लग्न आहे. हिले इचारा."

भाची उभी राहिली. कॉलेजात शिकवते, त्यामुळे तिला माईक नको होता. "नुसतं हिवरखापा. पुढं काही नको."

"बेटा," गुरुजी मायेनं म्हणाले, "तू तं जाऊन राहिली. आमाले इथं राहाचं आहे."

पुरुषांच्या बाजूनं दोघंतिघं हसले. भाची म्हणाली, "सर, हे नाव बाहेर तं मीच घेऊन जाऊन राहिली. तुमाले कोण म्हणते रिठीवाला?"

सतरंजीवरच्या बायका एकदम तिच्याकडे पाहायला लागल्या, उपासवालीसुद्धा. मला वाटलं, आता होईल. पण गुरुजींचा आवाज बंद झाला तरी देवाच्या आणि थोर माणसाच्या बाजूचे होतेच. ते पुन्हा उठले. शेवटी ग्रामसेवकानं घड्याळ पाहिलं, त्याला दुसऱ्या गावची सभा होती. नवीन नावावर एकमत नसल्यानं विषय पुढच्या सभेत घ्यावा, असं ठरलं. माझं इतिहासाचं पान त्यानं चौघडी करून शर्टाच्या खिशात घातलं. पुढची सभा लग्नानंतर होती.

परतताना आई गाडीत म्हणाली, "तर्री चांगली होती." मग झोपली. भाची आम्हाला पोचवायला रस्त्यापर्यंत आली होती. तिचा चेहरा दमलेला होता. लग्नाआधीचा तो दमलेला चेहरा मी ओळखते. त्यात नवऱ्या मुलाचा काही संबंध नसतो. मी तिला 'होईल सगळं नीट' वगैरे म्हटलं नाही. मला स्वतःला कोणी तसं म्हटलं की राग येतो.

पत्रिकेत तिनं नुसतं हिवरखापा छापून घेतलं. लग्न पारशिवनीच्या हॉलमध्ये लागलं, वेळेवर, कमी बोलण्यात. जेवणं सुरू झाल्यावर माईकवाला म्हणाला, "हिवरखापा रिठीच्या पाहुण्यांनी जेवायला यावं." पाहुणे आधीच जेवत होते, त्यामुळे कोणाची हरकत नव्हती. मौद्याकडच्या पंगतीत मी भाचीच्या सासूकडे पाहिलं. तिनं मान वर करून माईककडे पाहिलं आणि शेजारणीला काहीतरी म्हटलं. भाचीनंही ते पाहिलं.

लग्नानंतर काही दिवसांनी, सकाळी, मी डबे भरत होते. आईचा फोन वाजला. तो ती स्पीकरवर टाकते, कानाला लावलेला तिला आवडत नाही. भाची होती. आवाज हळू, मागे वारा.

"आजी, उठल्या का?"

"केव्हाची. कशी आहेस?"

"बरी आहे. ऐका न. पहिल्याच सकाळी सासूबाई आल्या दारापाशी. म्हणे, रिठीवाली, चहा ठेव वं. चूळसुद्धा भरली नव्हती त्यायनं."

माझा चमचा डब्यात राहिला. म्हणजे तिकडे सकाळी हाक मारायची बंदी नव्हतीच. तो नियम आमच्या बाजूचा, मौद्यापर्यंत पोचलाच नव्हता. तिथं तिला ते नावही चिकटलं होतं आणि सकाळही गेली होती, दोन्ही.

"मंग?" आई म्हणाली.

"मंग मी म्हटलं, आई, हे काय केलं तुम्ही? आमच्या गावाचं नाव उपाशीपोटी घेत नसते. दिवसभर अन्न भेटत नाही. त्यायनं कानालेच हात लावला. म्हणे, मले कोणी सांगितलंच नाही वं. त्या दिवशी नेमकी भाजी करपली. आता सकाळी माहं नाव नाही घेत."

"अन् मंग कोणाले हाक मारते?"

"सावनेरवालीले."

"ते रागावली असन."

"रागावली न. पाहू तिचं काय करायचं ते."

"तू कुठी आहे आता?"

"गच्चीवर. चहा पिऊन राहिली."

आई हसली. ती आवाज न करता हसते, नुसते खांदे हलतात. बराच वेळ हलले. पलीकडून कप ठेवल्याचा आवाज आला. मग भाची म्हणाली, "आत्या आहे का तिथं? तिले म्हणा, बाबाले सांगजो, पुढच्या सभेत घाई करू नका. राहू द्या सध्या."

"सांगते," मी ओट्यापाशीच म्हटलं.

आईनं आपला कप माझ्यासमोर सरकवला, अर्धा भरलेला, आणि खुर्चीकडे बोट दाखवलं. बस, म्हणाली. मी बसले. तेवढ्यात आतून नवऱ्यानं मला हाक मारली, नावानं, टॉवेल कुठे आहे म्हणून. प्रताप नगरात मला सगळे नावानंच हाक मारतात, उठल्यापासून. मी टॉवेल द्यायला गेले.